पिवळ्या गाडीतलं लाल नळकांडं

२ फेब्रुवारी, सोमवार

आणि वर मलाच विचारतात, चिडलीस का! चिडू नको तर काय टाळ्या वाजवू? सहा वर्षं हा माणूस मागच्या शेडमध्ये त्या गाडीखाली झोपून होता. न्हाणीघराचा नळ गळतोय तो गळतोच आहे, पण गाडीचं ऑइल थेंबभर गळलं की ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्या गाडीच्या दोन्ही सीट मी शिवल्या. छताचं कापड मी शिवलं, तेही तीनदा, कारण पहिले दोनदा ह्यांनी माप चुकीचं सांगितलं. आणि आज जुन्या गाड्यांच्या क्लबचा कागद आला, तर तो दाखवला कुणाला? वन्संना! मी समोर उभी, दोन्ही हातांत चहाचे कप, आणि कागद माझ्या डोक्यावरून वन्संच्या हातात. का, तर वन्सं भूगोलाच्या बाई होत्या आणि मी तिसरी शिकलेली. वन्सं तर म्हणतात तिसरीही अर्धीच. साफ खोटं. पूर्ण शिकले आहे, परीक्षेच्या दिवशी ताप होता एवढंच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग आला की तोंड मिटायचं आणि वहीत लिहायचं, प्रेशर उतरतं. अर्धं पान झालं. अजून आहे तिथेच आहे.

कागदात असं आहे. रविवारी २२ तारखेला जुन्या स्पोर्ट्स कारची डोंगर चढायची शर्यत. गाडीत दोघं बसणार. एकाने चालवायचं, दुसऱ्याने रस्त्याचा कागद बघून डावं-उजवं सांगायचं. आणि नियम क्रमांक नऊ, वन्संनी वर्गात वाचतात तसा मोठ्याने वाचला: अग्निशामक चालकाच्या हाताशी पक्का बसवलेला असावा. नसेल तर गाडी फाटकातून परत.

मी विचारलं, दुसऱ्या सीटवर कोण? हे म्हणाले, बघू.

ह्यांचं बघू म्हणजे हो. लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनाही हे बघूच म्हणाले होते.

मला त्या गाडीत बसायची काडीची हौस नाही. इतकी बुटकी गाडी. बसायचं म्हणजे जमिनीवर पडायचं, उठायचं म्हणजे कुणीतरी ओढायचं. पण ह्यांना एकट्याला सोडायचं म्हणजे जिवाला घोर, म्हणून जाईन.

अग्निशामक मी बसवणार. गाडीच्या आत जे काही बसतं ते माझं खातं, पंचवीस वर्षं गाड्यांच्या सीट शिवतेय. बुधवारपर्यंत काम संपवते. त्यात काय आहे? एक डबा, एक पट्टा.


३ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानदार उद्धट. विचारतो, कुठला देऊ, एबीसी का? म्हटलं, एबीसी येते मला, पुढचंही थोडं येतं. तो म्हणाला, तसं नव्हे हो मावशी, ए म्हणजे लाकूड-कापडाची आग, बी म्हणजे पेट्रोलची, सी म्हणजे गॅसची. मग डब्यावर सरळ तसं लिहायला काय झालं? आणि मावशी कुणाला म्हणतो? माझ्याहून दोन वर्षांनी तरी मोठा असेल.

एबीसी घेतला. लाल आहे, कोपरापर्यंतच्या हाताएवढा, दिसायला बरा. आमची गाडी पिवळी. साधी पिवळी नाही, शाळेच्या बसची पिवळी. हे शाळेची बस चालवतात, तिला रंग दिला तेव्हा उरलेला डबा शाळेने ह्यांना दिला. स्पोर्ट्स कार रस्त्यावर काढली की पोरं दप्तर घेऊन थांब्यावर उभी राहतात. पिवळ्यावर लाल चांगलं उठून दिसेल.

सोबत भिंतीवर टांगायचा हूक मिळाला. गाडीत भिंत कुठे असते? परत जायला लावणार हा दुकानदार मला. जाणार नाही.


४ फेब्रुवारी, बुधवार

काम आज संपणार होतं. संपलं नाही. कारण माझ्याकडे नाही.

कुठलंही नवीन यंत्र आलं की आधी चिंधीवर टाका मारून बघायचा, मग गिऱ्हाइकाच्या कापडाला हात लावायचा. ही माझी पद्धत. त्याप्रमाणे पिन काढली आणि दांडी जराशी दाबली. जराशी म्हणजे जराशीच. त्या यंत्राला जराशी हा शब्दच ठाऊक नाही.

माझ्या सीट शिवायच्या कारखान्यात दोन शिलाई मशीन, कापायचं टेबल, डॉक्टरीणबाईंच्या गाडीची अर्धी शिवलेली सीट आणि दारात वन्सं. सगळं पांढरं. वन्सं नुकत्या केस रंगवून आल्या होत्या. तशाच उभ्या राहिल्या, पुतळ्यासारख्या. चष्मा काढला तेव्हा डोळ्यांभोवती दोन गोल तेवढे माणसाच्या रंगाचे.

यंत्र उत्तम चालतं, हे सिद्ध झालं.

दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, एकदा दाबला की संपला, आता तो गाडीला चालणार नाही. हे आधी नको सांगायला? वन्सं म्हणाल्या, डब्यावर लिहिलं आहे. डब्यावर काय काय लिहिलेलं असतं! कणकेच्या डब्यावरसुद्धा लिहिलेलं असतं, म्हणून मी उभी राहून वाचत बसते का?


५ फेब्रुवारी, गुरुवार

झाडत होते.


६ फेब्रुवारी, शुक्रवार

अजून झाडतेय. मशीनच्या बॉबिनमधून पांढरी पूड येते. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, दोरा आला नाही.

दुसरा अग्निशामक आणला. ह्याची पिन काढणार नाही. ह्याला वन्संच्या खोलीत ठेवला आहे, त्यांनीच मागून घेतला. म्हणाल्या, तुझ्यापासून लांब असलेला बरा. शिकलेली माणसं अशी बोलतात.


८ फेब्रुवारी, रविवार

पिशवी शिवली. जाड कॅनव्हास, दुहेरी शिलाई, तोंडाला वेल्क्रो. दोन सीटच्या मागे अशी टाकली की बघणाऱ्याला वाटेल कंपनीतूनच आली. वन्सं म्हणाल्या, कागदात पक्का बसवलेला असं लिहिलंय, पिशवीत घातलेला असं नाही. त्यांना म्हटलं, पिशवी पक्की आहे.

हे गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले. कोपऱ्यावर मांजर आडवं आलं. ह्यांनी ब्रेक दाबला. वेल्क्रो सुटलं, नळकांडं सीटखालून घरंगळत ह्यांच्या पायांत आलं आणि ब्रेकखाली जाऊन बसलं. मांजर वाचलं. कचऱ्याचा मोठा डबा वाचला नाही. तीस वर्षं शाळेची बस चालवून ह्यांनी कधी कुणाला ओरखडा काढला नव्हता, असं वन्सं मला दोनदा ऐकवून गेल्या.

पिशवी उलटून बघितली, शिलाईचा एक टाका हललेला नाही. ते कुणी बघितलंच नाही. वेल्क्रो मी बनवत नाही.


१० फेब्रुवारी, मंगळवार

रस्त्याचा कागद मिळाला. मी उगाच घाबरत होते. घाबरत नव्हते, पण वन्सं असं बोलायच्या जणू त्यात श्लोक लिहिलेत. नुसते बाण आहेत! बाण डावीकडे, बाण उजवीकडे, आणि शेजारी वळणाचा आकडा, एक ते सहा. एक म्हणजे सरळच समजा, सहा म्हणजे वळून आपल्याच पाठीकडे बघायचं. बाण वाचायला शाळा लागत नाही.

मशीन चालवताना म्हणून बघितलं. डावं तीन. उजवं पाच. डावं दोन. टाक्यांच्या तालात छान बसतं. एका गिऱ्हाइकाच्या सीटची शिलाई तेवढी डावीकडे गेली. उसवली.

मागच्या खोलीतून आवाज आला म्हणून बघितलं तर वन्सं! भिंगाचा चष्मा, हातात दुसरा कागद, आणि डावं तीन, उजवं पाच. ह्यांनी त्यांनाही एक प्रत दिली आहे. म्हटलं, वन्सं, हे काय? तर म्हणाल्या, मी विचारलं होतं त्याला. मी म्हटलं, मग काय म्हणाले? म्हणाल्या, बघू म्हणाला. आणि लहानपणापासून त्याचं बघू म्हणजे हो.

मी उठून परत मशीनवर बसले. वयाचा मान ठेवला. वयाचं काय, त्या फक्त सहा वर्षांनी मोठ्या.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, दोघींना बघू कसं काय म्हणालात? म्हणाले, बघतोय ना.


१२ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार

लोखंडी ब्रॅकेट आणलं. चार भोकं, चार बोल्ट, वर पट्टा आणि चाप. समोरचा वेल्डर म्हणाला, भोकं पाडून देतो पण आधी गाडी जॅकवर घेऊ, खालून काय काय जातंय ते बघू. काम टाळायची तऱ्हा. गाडी जॅकवर, मग चहा, मग जेवण, मग उद्या. त्याचं ड्रिल मागून आणलं.

जागा ठरवली. दुसऱ्या सीटच्या पुढे, पाय ठेवतात तिथे, जरा ह्यांच्या बाजूला. तीन भोकं लोण्यासारखी पडली. चौथ्याला खालून काहीतरी आडवं आलं. मी जोर लावला. आडवं आलं की जोर लावायचा, चामड्याला असंच करते.

पेट्रोलची नळी होती.

ती तिथून नेली कुणी? बाहेरच्या बाजूने न्यायला जागा नव्हती का? शेडमध्ये असा वास सुटला की समोरचा वेल्डर टॉर्च बंद करून रस्त्याच्या टोकाला पळाला. मी ओरडले, अग्निशामक आणा! तर अग्निशामक पिशवीतून काढून परत वन्संच्या खोलीत ठेवलेला, आणि खोलीला कुलूप, आणि वन्सं वाचनालयात. एवढ्या धांदलीत मी गाडीचं दार लावून घेतलं, वाळू टाकली, सगळ्यांना लांब केलं. आग लागली नाही. लागली असती तर सगळ्यांनी माझं नाव घेतलं असतं. लागली नाही त्याचं कुणी घेत नाही.


१४ फेब्रुवारी, शनिवार

हे दोन दिवस गाडीखाली. नवीन नळी घालतायत, बाहेरच्या बाजूने. म्हणजे बाहेरून जागा होती! मी म्हणतच होते.

जेवायला बोलवायला गेले तर नुसते पाय दिसत होते. पायांना म्हटलं, बोला काहीतरी. पाय म्हणाले, दहाचा पाना दे.


१६ फेब्रुवारी, सोमवार

बसला! ब्रॅकेट पक्कं, नळकांडं पक्कं, गाडी उलटी केली तरी हलणार नाही. जे काम वेल्डरला जमलं नसतं ते केलं.

वन्सं टेप घेऊन आल्या. म्हणाल्या, चालकाच्या हाताशी आहे का ते मोजून घे, त्याला सीटवर बसव, बेल्ट लाव आणि हात पोचतो का बघ. मी म्हटलं, वन्सं, ह्यांची बाही मला पाठ आहे. अडीच विती आणि चार बोटं. लग्न झाल्यापासून ह्यांचे सगळे शर्ट मीच शिवते, कधी टेप लावली नाही. सीटच्या पाठीपासून विती घालून दाखवलं, बरोबर नळकांड्याच्या गळ्याशी चार बोटं आली. ह्यांना बसवायची गरजच नाही. आणि हे बसवर होते.

आता एक गोष्ट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझ्यावर येईल. नळकांडं जिथे आहे तिथे ठेवल्यावर दुसऱ्या सीटवरच्या माणसाचे पाय जरा आखडतात. हे मी मुद्दाम केलेलं नाही. जागाच तिथे होती. मी बसून बघितलं तर माझे पाय दोन्ही बाजूंनी छान जातात, मापाने केल्यासारखे. वन्सं बसल्या तर गुडघे हनुवटीला. रस्त्याचा कागद धरायचा कुठे तेच त्यांना कळेना, शेवटी डोक्यावर धरला. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, अरेरे, वन्सं, तुमचं काही बसत नाही हो मापात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, परीक्षेत कॉपी पकडल्यावर पोरीकडे बघत असतील तसं.

पाय लांब असणं हा काही माझा दोष नाही.


१८ फेब्रुवारी, बुधवार

वन्सं बोलत नाहीत. त्याने घरात फरक पडत नाही, भांडी तेवढी जोरात वाजतात.

शर्यतीत छत खाली, गाडी उघडी, वाऱ्याने केस उडतील म्हणून रुमाल घेतला. पिवळा, लाल ठिपक्यांचा. धूळ जाते म्हणून काळा चष्मा. आणि दुसऱ्या सीटची बैठक उसवून दोन बोटं जाड स्पंज घातला, म्हणजे समोरचं दिसेल. मागच्या शिवणीला पाठीला लागेल असा उंचवटा दिला, माझ्या कमरेच्या मापाने. हे सगळं गाडीसाठी. मला हौस नाही हे मी आधीच लिहिलं आहे.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांची सीट अजून अर्धीच आहे. प्रेशर कसं आहे विचारलं त्यांनी. म्हटलं, दोरा आला की सांगते.

कागद पाठ झाला. एकेचाळीस वळणं. झोपेत विचारा. ह्यांना म्हणून दाखवला, न बघता, भाजी चिरता चिरता. हे ऐकत होते. मध्येच म्हणाले, तेविसावं पुन्हा म्हण. म्हटलं, उजवं चार. म्हणाले, छान वळण असणार ते. आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला खूण पटली. ह्यांना मीच हवी आहे.


२१ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

तपासणी होती. मोठं मैदान, गाड्यांची रांग. एकेकाच्या गाड्या अशा चकचकीत की त्यात तोंड बघून भांग पाडावा. तपासणारी एक मुलगी, हातात क्लिपबोर्ड, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसावर माझा कधीच विश्वास नसतो.

मी, वन्सं आणि हे. वन्सं आल्या कशाला ते मला माहीत नाही. रुमाल त्यांनीही बांधला होता. निळा.

क्लिपबोर्डवालीने ब्रॅकेट हलवून बघितलं. हललं नाही. म्हणाली, कुणी बसवलं, फारच पक्कं आहे. मी वन्संकडे बघितलं. मग ती ह्यांना म्हणाली, काका, बसा, बेल्ट ओढून घ्या आणि मागे न वळता, बेल्ट न सोडता, यंत्र काढून दाखवा.

हे बसले. बेल्ट ओढला. हात लांब केला. हात सरळ पुढे गेला, बाही मोजतात तसा, बरोबर नळकांड्याच्या वर, आणि हवेत थांबला. नळकांडं खाली जमिनीवर. मध्ये एक वीत रिकामी. ह्यांनी वाकायचा प्रयत्न केला, बेल्टने ओढून धरलं, आणि पुढे पोट आलं. पुन्हा वाकले. बोटं नुसती हवेत हलत राहिली. रांगेतल्या माणसांना वाटलं हे कुणाला तरी बोलावतायत, एकजण आलासुद्धा.

मी म्हटलं, बाही बरोबर आहे, अडीच विती चार बोटं. क्लिपबोर्डवाली म्हणाली, काकू, बाही बरोबर आहे, पण माणूस वाकतो तेव्हा बाही कमी पडते. मी म्हटलं, पोटाला मी काय करू, पोट काय मी शिवलंय? वन्सं म्हणाल्या, रोज तूच तर वाढतेस. एवढ्या दिवसांनी बोलल्या त्या हे.

मग ती मुलगी गाडीभोवती फिरली. दोन सीटच्या मध्ये हँडब्रेक, तिथे जागा नाही. दाराला लावता येत नाही, दार पातळ. शेवटी म्हणाली, ह्यांचा हात जिथे सहज जातो ती जागा एकच आहे, शेजारची सीट. ती सीट काढा, तिच्याच बोल्टवर ब्रॅकेट बसवा, आणि एकट्याने चालवा. एकट्याला परवानगी आहे, रस्त्याचा कागद डॅशबोर्डवर चिकटवायचा. नाहीतर पुढच्या वर्षी या.

मी ह्यांच्याकडे बघितलं. वन्संनीही बघितलं. आम्ही दोघी बघूची वाट बघत होतो.

हे म्हणाले, चालेल.

एका दमात. ती मुलगी वाक्य संपवते न संपवते तोच. घर घेताना, पडदे निवडताना, डोळ्यांचं ऑपरेशन ठरवताना, कशालाही हा माणूस असं पटकन चालेल म्हणालेला नाही. आणि बोल्ट खोलायला पाना शोधावा लागला नाही. ह्यांच्या खिशातच होता. चौदाचा. ब्रॅकेटला दहाचा लागतो. चौदाचा फक्त सीटला लागतो.

दहा मिनिटांत सीट बाहेर. मी दिलेला स्पंज, कमरेचा उंचवटा, सगळं गवतावर.

कारणं आहेत. बेल्ट नवीन होता, त्याने जास्त ओढलं. मैदान उतरतं होतं. त्या मुलीने सकाळी काही खाल्लं नसणार.


२२ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

गेलो होतो. खुर्च्या संपल्या होत्या म्हणून ती सीटच रस्त्याकडेला ठेवली आणि त्यावर मी आणि वन्सं बसलो. एका माणसाची सीट. अर्धी त्या, अर्धी मी. उंचवटा दोघींच्या मध्ये आला, कुणाच्याच कमरेला लागला नाही.

आमच्यासमोरून जातं ते तेविसावं वळण.

एक एक गाडी जात होती, दोघं दोघं बसलेली, एक ओरडतोय, दुसरा ऐकतोय. आमची पिवळी सगळ्यात शेवटी आली. लांबूनच कळली, कडेची पोरं रस्त्यातून बाजूला झाली, बस आली म्हणून. मी उभी राहिले. ओरडले, उजवं चार! वन्सं पण ओरडल्या, उजवं चार! हे वळले, पण आमच्याकडे बघितलं नाही. गाणं म्हणत होते. मोठ्याने, तोंड वर करून, एक हात त्या नळकांड्यावर ठेवून, शेजारच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

ह्यांना गाणं येतं हे मला माहीत नव्हतं. वन्संना विचारलं, लहानपणी गायचे का? म्हणाल्या, नाही बाई.

सव्वीस गाड्यांत सव्विसावे आले. चाळीसच्या वर काटा गेला नाही. खाली आल्यावर सगळे उतरले, हे उतरेनात. इंजिन बंद करून, हसत, समोर बघत बसले. मी जवळ जाऊन म्हटलं, चला. म्हणाले, पाच मिनिटं. अर्धा तास झाला.


२३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

हे बसवर गेले. सीट कारखान्यात टेबलावर. काल म्हटलं, आत्ताच बसवून टाकूया, बोल्ट आहेत, पाना तुमच्या खिशात आहेच. म्हणाले, राहू दे की. घाई काय.

वन्सं चहा घेऊन आल्या, दोन कप. असं त्या करत नाहीत. सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, तीस वर्षं पाठीमागे चाळीस पोरं, घरी आला की पुढ्यात आपण दोघी. त्याला नुसतं बसलेलं कधी बघितलंयस? मी म्हटलं, वन्सं, तुम्ही भूगोल शिकवायच्या, तेवढाच शिकवा. चहा मात्र चांगला होता.

नंतर मशीनवर बसले. डॉक्टरीणबाईंची सीट पुढ्यात घेतली. दोन टाके मारले आणि उठले. काही कारण नाही. म्हणजे आहे, पण ह्या वेळी दोऱ्यावर ढकलता येत नाही.

मला त्या सीटवर बसायचं होतं. रुमाल, चष्मा, एकेचाळीस वळणं, सगळं त्यासाठीच. वन्संच्या पायांचंही मुद्दामच केलं. झालं लिहून. प्रेशर काय व्हायचं ते होऊ दे.

अहो, आता हे तुमच्यासाठी आहे. वही तुमच्या चष्म्याच्या डबीखाली उघडी ठेवतेय. माझं अक्षर लागत नाही म्हणायचं नाही, वन्संकडून वाचून घ्यायचं नाही, एकटे बसून वाचा, तुम्हाला एकटं बसायला आवडतं ते आता कळलंच आहे. मी भांडणार नाही. सीट परत बसवायची की नाही ते मी नंतर बघेन. आधी मला एवढंच खरं सांगा. तीन दिवस देते. गुरुवारी, २६ तारखेला, बस लावून घरी आलात की चहाच्या आधी, माझ्या तोंडाकडे बघून सांगायचं: ती सीट तुम्हाला काढावी लागली, की काढायला मिळाली?